ही ओळ कुणाची?

"काका, ह्या ओळी आम्ही कुणीच घातल्या नाहीत. मग आल्या कुठनं? व्हायरस असंल तर पुसून टाकू का?"

पाटणच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्यात मालकांच्या भाच्यानं मला हा प्रश्न विचारला. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असं पुष्कळ काम त्याच्या मामांनी ज्या मशीनवर केलं होतं, ते पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेलं होतं. त्यात विंडोज ९८ होतं. गावच्या यात्रेच्या एका जुन्या स्मरणिकेची फाइल हवी होती म्हणून ते खाली उतरवलं. कोयना आणि केरा यांच्या संगमावरच्या या गावात पावसाळाभर हवा ओली असते. फ्लॉप्यांना बुरशी धरली होती, त्यामुळे फाइल मिळाली तर हार्डडिस्कवरच मिळणार होती. मशीन सुरू झालं, काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या आणि भाच्यानं मोबाइलवर त्यांचे फोटो काढले. ते बघूनच त्याला हा प्रश्न पडला होता.

असाच प्रश्न मला पुष्कळांनी विचारलेला आहे. त्यामागची भीती खरी असते. जे आपण लिहिलं नाही, ते आपल्या घरात कसं? पण उत्तर देण्याआधी "पुसू का" हा भाग मी बाजूला ठेवायला सांगतो. जुन्या मशीनमधली अनोळखी ओळ बहुतेक वेळा चोर नसते. ती कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी केलेली नोंद असते. ती कुणाची हे शोधता येतं आणि शोधायची रीत अवघड नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. पडद्यावर या ओळी रोमन लिपीत दिसतात. या प्रकरणात मी त्या मोठ्यानं वाचाव्यात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत.

१. सातबारा वाचता येतो ना?

शेतकऱ्याच्या घरात ज्यानं सातबारा हाताळलेला आहे, त्याला या फाइली समजायला वेळ लागू नये. सातबाऱ्यावर "इतर हक्क" नावाचा रकाना असतो. तिथं कधी आजोबांच्या काळातलं कूळ दिसतं, कधी विकास सोसायटीचा बोजा, कधी "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा. कोयनेचं धरण याच तालुक्यात असल्यानं पुनर्वसन हा शब्द इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आता समजा, बोजा दिसतोय, पण कर्ज केव्हाच फिटलेलं आहे. नोंद खरी होती, तिचं काम संपलं आणि ती काढायची राहून गेली. शहाणा माणूस अशा नोंदीवर खाडाखोड करत नाही. तो शेजारचा फेरफार क्रमांक बघतो, तलाठी कार्यालयात जाऊन तो फेरफार काढतो आणि नोंद कुणी, केव्हा, कशावरून घातली हे वाचतो.

कॉम्प्युटरच्या या फाइलींत नोंदी सातबाऱ्यासारख्याच असतात, फक्त फेरफार क्रमांक नसतो. तो आपल्याला ओळीवरूनच ताडावा लागतो. पुढचं सगळं प्रकरण त्या ताडण्याबद्दल आहे.

२. मशीन जागं होताना

विंडोज ९८ चं मशीन सुरू केलं की ते एकामागून एक वह्या उघडतं. पहिली एमएसडॉस.सिस. मग कॉन्फिग.सिस, जिच्यात मेमरी आणि जोडलेली यंत्रं यांच्या सूचना असतात. नंतर ऑटोएक्झेक.बॅट, म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप चालवायच्या हुकमांची यादी. त्यानंतर विंडोज स्वतः जागं होतं आणि सिस्टिम.आयएनआय व विन.आयएनआय या आपल्या दोन वह्या वाचतं. जोडीला रजिस्ट्री नावाचं मोठं दफ्तर असतं. विंडोज ९५ पासून बऱ्याचशा नोंदी त्या दफ्तरात गेल्या, तरी जुन्या वह्या बंद झाल्या नाहीत, कारण जुने प्रोग्रॅम अजून त्यांच्यातच लिहीत होते.

रजिस्ट्री सोडली तर या सगळ्या साध्या मजकुराच्या फाइली आहेत. नोटपॅडमध्ये उघडतात, कागदावर छापता येतात. स्टार्टमधल्या "रन"मध्ये सिसएडिट असं टाइप केलं की यांतल्या मुख्य फाइली एकदमच समोर येतात. विंडोज ९८ पासून एमएसकॉन्फिग नावाचं एक साधनही मिळू लागलं. त्यात प्रत्येक ओळीपुढे चौकोन असतो. खूण काढली की ती ओळ पुढच्या वेळी वाचली जात नाही आणि खूण परत केली की पुन्हा वाचली जाते.

३. ओळीची मोडणी

बहुतेक ओळींत मध्ये बरोबरचं चिन्ह असतं. त्याच्या डावीकडे काय हवं ते असतं आणि उजवीकडे किती किंवा कुठून. सगळ्यात सोप्या ओळीपासून सुरुवात करू.

फाइल्स=६०

एका वेळी साठ फाइली उघड्या ठेवायची मुभा, एवढाच याचा अर्थ. पण छापखान्याला साठ कशाला? पत्रिका जुळवताना एक-दोन फाइली उघड्या असल्या तरी भागतं. मी ऑटोएक्झेक.बॅटमधली पाथ ही ओळ बघितली. प्रोग्रॅम कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधायचे याची ती यादी असते. तिच्यात फॉक्सप्रोचं फोल्डर होतं. फॉक्सप्रो म्हणजे हिशेबाच्या नोंदी ठेवणारे प्रोग्रॅम ज्यात लिहिले जात, ते साधन. खातेदार, ठेवी, कर्ज, व्याज अशा कितीतरी फाइली त्याला एकदम उघडाव्या लागत, म्हणून आकडा मोठा ठेवावा लागे. मी मामांना विचारलं, "हे मशीन आधी कुणाच्या हिशेबाला होतं का?" मामा म्हणाले, "व्हय, कराडच्या एका पतसंस्थेकडनं घेतलंवतं."

साठ या एका आकड्यावरून मशीनचा आधीचा मालक सापडला. मला या कामात सगळ्यात आनंद कशाचा वाटत असेल तर याचा.

डिव्हाइस=सी:\विंडोज\हायमेम.सिस

डिव्हाइस म्हणजे यंत्र किंवा यंत्रासारखं काम करणारा छोटा प्रोग्रॅम. बरोबरच्या पुढे त्याचा पूर्ण पत्ता आहे. सी ड्राइव्ह हा वाडा, विंडोज ही खोली, हायमेम.सिस हा आतला माणूस. हा माणूस मेमरीचा माळा सांभाळतो. पहिल्या आयबीएम पीसीला एकूण १०२४ केबी मेमरीच दिसत असे. तीतली ६४० केबी प्रोग्रॅमांना, उरलेली ३८४ केबी पडदा आणि इतर यंत्रांसाठी राखलेली. पुढे मशीनमध्ये मेमरी वाढली, पण डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, संसार त्या ६४० केबीच्या माजघरातच चालू राहिला. वरच्या माळ्यावर सामान ठेवायचं तर शिडी हवी. ती शिडी म्हणजे हायमेम. पुढची ओळ "डॉस=हाय" असेल, तर तिचा अर्थ आता आपोआप लागतो. डॉसनं आपला बराचसा पसारा माळ्यावर नेला आणि माजघर मोकळं केलं.

विंडोज ९८ हायमेम स्वतःहून चढवतं, त्याला ही ओळ लागत नाही. म्हणजे हा फिटलेल्या कर्जाचा बोजा झाला. राहिला तरी नुकसान नाही.

कधी कधी एकाच गोष्टीचे दोन तुकडे दोन फाइलींत असतात. कॉन्फिग.सिसमध्ये सीडी ड्राइव्हच्या ड्रायव्हरची ओळ होती आणि तिच्या शेवटी /डी:एमएससीडी००१ असं होतं. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये एमएससीडेक्स या प्रोग्रॅमची ओळ होती, तिच्याही शेवटी तेच एमएससीडी००१. पहिली ओळ ड्राइव्हला नाव देते, दुसरी त्याच नावानं हाक मारते. यातली एकच "अनोळखी" म्हणून पुसली, तर दुसरी रोज सुरुवातीला तक्रार करत राहते आणि माणूस भलतीकडे दोष शोधतो.

४. ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६

भाच्याला खरी भीती वाटली होती ती या ओळीची.

सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६

दिसायला गुप्त संदेश आहे आणि "ब्लास्टर" हे नावही घाबरवणारं. २००३ साली याच नावाच्या व्हायरसनं जगभर गोंधळ घातला होता, हे त्यानं मोबाइलवर वाचलं होतं. पण ही ओळ त्याच्या कितीतरी आधीची. साउंड ब्लास्टर हे आवाजाच्या कार्डाचं नाव. नव्वदच्या दशकात सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि दोन स्पीकर असा संच "मल्टिमीडिया किट" म्हणून विकला जाई, त्यातलं हे कार्ड.

सेट म्हणजे मशीनच्या भिंतीवर एक चिठ्ठी लावून ठेवणं. पुढे येणारा कुठलाही प्रोग्रॅम ती वाचू शकतो. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते एकेक बघू.

ए म्हणजे पत्ता. कार्डाशी बोलायचं तर २२० नंबरच्या दाराशी जायचं. हे २२० आपल्या दशमान पद्धतीतलं नाही, सोळाच्या पटीतलं आहे. आपल्याकडे एकक, दशक, शतक, तसं इथं एकक, सोळा आणि सोळा सोळे म्हणजे २५६. दोन वेळा २५६ म्हणजे ५१२, दोन वेळा १६ म्हणजे ३२, वर शून्य. एकूण ५४४. आय म्हणजे घंटेचा नंबर. कार्डाला काही सांगायचं असलं की ते पाचव्या दोरीची घंटा वाजवतं आणि प्रोसेसर हातातलं काम थांबवून तिकडे बघतो. दोन यंत्रांना एकच दोरी दिली तर कोण बोलावतंय ते कळत नाही. जुन्या मशीनमध्ये प्रिंटर चालू केला की आवाज बंद, असले झगडे पुष्कळदा त्यातूनच होत. डी आणि एच या मागच्या दाराच्या वाटा आहेत. आवाजाचा माल प्रोसेसरच्या हातून न जाता त्या वाटांनी थेट मेमरीतून कार्डात जातो. पी३३० हे संगीताच्या वाद्यांसाठीचं दार आणि टी६ हा कार्डाचा प्रकार.

आता ती ओळ पुन्हा वाचून पाहा. कार्डाचं घर, घंटा, वाटा आणि जात, एवढंच तिच्यात आहे.

तिच्याच खाली आणखी एक होती, स्मार्टड्रव्ह.एक्सई /एक्स. हा प्रोग्रॅम डिस्कवरचं काम वेगानं व्हावं म्हणून मजकूर आधी मेमरीत साठवतो आणि सवडीनं डिस्कवर उतरवतो. सवडीच्या त्या दोन-चार क्षणांत वीज गेली, तर मेमरीतलं सगळं गेलं. शेवटचा /एक्स सांगतो की लिहिण्याच्या बाबतीत हे उद्यावर टाकणं नको, लगेच उतरव. हा /एक्स कुणीतरी हातानं जोडलेला होता. ज्यानं जोडला त्याला वीज केव्हाही जाते हे माहीत होतं. त्यानं थोडा वेग सोडला आणि लोकांचे हिशेब सांभाळले. तो कोण हे मला सांगता येणार नाही, पण ती ओळ वाचताना त्याच्याबद्दल आदर वाटतो.

५. फुल्लीच फुल्ली

एमएसडॉस.सिस ही फाइल एरवी लपलेली असते. उघडलीच, तर खालच्या भागात एक विचित्र दृश्य दिसतं. एक्स, एक्स, एक्स, एक्स अशा ओळीच्या ओळी आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ए, बी, सी असं क्रमानं एकेक अक्षर. कुणीतरी खोडसाळपणे फाइल खराब केली असावी असंच वाटतं आणि पुष्कळांनी ती "साफ" केलीही.

या फुल्ल्या मायक्रोसॉफ्टनंच घातलेल्या आहेत. जुन्या डॉसमध्ये एमएसडॉस.सिस हा खराखुरा प्रोग्रॅम होता, आकारानं मोठा. विंडोज ९५ मध्ये तिची नुसती सूचनांची छोटी वही झाली. पण जुने काही प्रोग्रॅम, विशेषतः व्हायरस शोधणारे, ही फाइल १०२४ बाइटपेक्षा लहान दिसली की तिला लागण झाली असं समजत. म्हणून उंची भरून काढण्यासाठी या ओळी टाकल्या. त्यांच्या वर तशी सूचनाही आहे, की दुसऱ्या प्रोग्रॅमांशी जुळवून घेण्यासाठी या ओळी लागतात, काढू नका.

प्रत्येक फुल्लीच्या ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम आहे, तो बघायला विसरू नका. या वह्यांत अर्धविरामानं सुरू होणारी ओळ मशीन वाचतच नाही, ती माणसासाठी असते. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅटमध्ये हेच काम रेम हा शब्द करतो. ओळीच्या आधी रेम लिहिलं की ओळ जागेवर राहते, पण झोपते. पुसण्याला पर्याय म्हणून मी हाच सांगतो.

६. मराठी अक्षरांची राखण करणारी ओळ

सिस्टिम.आयएनआयमध्ये चौकटी कंसात लिहिलेली शीर्षकं असतात आणि त्यांच्याखाली त्या त्या विभागाच्या नोंदी. यातला ३८६ईएनएच हा विभाग फार महत्त्वाचा, कारण विंडोजच्या अगदी तळाशी काम करणारे ड्रायव्हर तिथं नोंदलेले असतात. छापखान्याच्या मशीनमध्ये तिथं एक डिव्हाइसची ओळ होती. तिचं नाव ना विंडोजच्या यादीत, ना प्रिंटरच्या. भाच्यानं ती पुसायच्या यादीत सगळ्यात वर लिहिली होती.

मी मशीनच्या मागे हात घातला. प्रिंटरची वायर मशीनला थेट जोडलेली नव्हती. मध्ये काडेपेटीएवढा एक ठोकळा होता. मराठी डीटीपी, म्हणजे छपाईची पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचं ते लॉक. ज्याच्याकडे ठोकळा त्याचंच सॉफ्टवेअर चालणार, चोरून नक्कल केली तर चालणार नाही, अशी ती व्यवस्था. ती अनोळखी ओळ या लॉकशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची होती. ती गेली असती तर सॉफ्टवेअरला लॉक दिसलं नसतं आणि मामांचं सगळं मराठी काम बंद पेटीत राहिलं असतं.

बंद पेटीत का, ते नीट समजून घ्यायला हवं. आज मोबाइलवर आपण "पाटण" लिहितो तेव्हा प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. त्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच युनिकोडमध्ये देवनागरी आहे आणि तिची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावर बेतलेली आहे. इस्कीच्या मागे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट या तंत्राचं काम होतं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आलं. जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. ज्या काळात कॉम्प्युटर म्हणजे इंग्रजी असंच समीकरण होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पण विंडोज ९८ ला देवनागरी स्वतःहून येत नव्हती. मायक्रोसॉफ्टनं ती विंडोज २००० मध्ये दिली, मंगल या फॉन्टसह. तोवर गावोगावच्या छापखान्यांनी श्री-लिपी, आकृती, आयएसएम असल्या सॉफ्टवेअरवर काम केलं. त्यांची युक्ती अशी. कॉम्प्युटरच्या मते फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट मात्र त्या जागी मराठी आकार दाखवतो. म्हणजे कुठल्याशा रोमन अक्षराच्या जागी काना, दुसऱ्याच्या जागी अर्धा "त". शिवाय कुठल्या अक्षराच्या जागी काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर हातात असेल तोवर स्मरणिका मराठीत दिसते. ते गेलं की उरतात प्रश्नचिन्हं, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं.

महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावांत असं किती मराठी अडकून पडलं असेल याचा विचार मी नेहमी करतो. यात्रांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, वारलेल्या माणसांवरचे गौरवग्रंथ. त्यातलं पुष्कळ कुठल्याच ग्रंथालयात नाही. ते अशाच मशीनमध्ये आहे आणि त्याची किल्ली अशाच एखाद्या अनोळखी ओळीत आहे. म्हणून पुसू नका हे मी इतक्या कळकळीनं सांगतो.

७. अस्वलाचं चित्र

न ओळखता पुसण्याची साथ जगभर दोनदा आली होती. २००१ मध्ये एक ईमेल फिरला. तुमच्या मशीनमध्ये सल्फएनबीके.एक्सई नावाची फाइल आहे का पाहा, असेल तर तो व्हायरस आहे, १ जूनला जागा होईल, ताबडतोब पुसा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी पाहिलं, फाइल खरोखर होती. पुसली आणि कळवलं. ती विंडोजचीच फाइल होती, फाइलींची लांब नावं परत मिळवून देणारी. पुढच्याच वर्षी जेडीबीजीएमजीआर.एक्सईच्या बाबतीत तेच घडलं. तिचं चिन्ह छोट्या अस्वलाचं असल्यानं लोकांचा संशय पक्का झाला. तीही मायक्रोसॉफ्टचीच होती.

या ईमेलांनी स्वतः काहीच केलं नाही. नुकसान माणसांच्या हातांनी झालं. "मला माहीत नाही" आणि "हे वाईट आहे" यांत किती अंतर आहे ते अशा वेळी कळतं.

८. आणि खरोखरच परकी ओळ असेल तर?

असते, आणि ती ओळखायच्या खुणा आहेत.

विन.आयएनआयमध्ये विंडोज नावाच्या विभागात दोन ओळी असतात, लोड= आणि रन=. बहुतेक मशीनमध्ये बरोबरच्या पुढे काहीच नसतं. तिथं काही दिसलं तर थांबा. जून १९९९ मध्ये आलेल्या एक्सप्लोरझिप या व्हायरसनं तिथंच आपलं नाव घातलं होतं, एक्सप्लोर.एक्सई. विंडोजचा खरा प्रोग्रॅम एक्सप्लोरर.एक्सई, म्हणजे शेवटी एक "आर" जास्त. एका अक्षराचा फरक. एकाच आडनावाच्या दोन भावकींत गडबड व्हावी तशी, फक्त इथं ती मुद्दाम केलेली. म्हणून अशी नावं अक्षर न् अक्षर लावून वाचायची. रन= पुढची जागा रिकामी वाटली तरी पडदा उजवीकडे सरकवून पाहायचं. मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून नाव पलीकडे लपवता येतं.

सिस्टिम.आयएनआयमध्ये शेल= ही ओळ असते. तिच्यापुढे एक्सप्लोरर.एक्सई एवढंच हवं. १८ सप्टेंबर २००१ ला पसरू लागलेल्या निम्डा या व्हायरसनं तिथं पुढे लोड.एक्सई असं शेपूट जोडलं होतं. मशीन दर वेळी एक्सप्लोररबरोबर त्यालाही उठवत होतं.

नंतर पेनड्राइव्ह आले आणि ऑटोरन.आयएनएफ ही फाइल घरोघरी पोचली. तीही याच घराण्यातली, चौकटी कंस आणि बरोबरचं चिन्ह असलेली. पेनड्राइव्ह लावला की काय चालवायचं ते तिच्यात लिहिलेलं असे. नेट कॅफेतून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये तिनं फार त्रास दिला. अखेर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली.

अनोळखी ओळ दिसली की तिच्यात सांगितलेली फाइल त्या जागी आहे का, हे आधी पाहायचं. नसेल तर ओळ मेलेली आहे. असेल तर तिच्यावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये जायचं. प्रामाणिक फाइल सहसा आपल्या कंपनीचं नाव आणि आवृत्ती सांगते. तिची तारीख शेजारच्या फाइलींशी जुळते का ते पाहायचं. एकाच दिवशी आलेल्या वीस फाइली म्हणजे त्या दिवशी काहीतरी बसवलं गेलं, आणि एकटीच भलत्या तारखेची फाइल म्हणजे चौकशी करायची. तरीही कळलं नाही, तर रेम किंवा अर्धविराम लावून ओळ झोपवायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. सुरू होताना एफ८ दाबून मिळणाऱ्या यादीतून पायरीपायरीनं जाण्याचा पर्याय निवडला, तर मशीन प्रत्येक ओळीला "ही चालवू का" असं विचारतं. शेजारी वही घेऊन बसावं.

९. वहीत नाव नसलेला पाहुणा

हे सगळं करूनही एक प्रकार सुटतो आणि त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याकडच्याच आडनावाचं आहे. १९९० मध्ये भारतात सापडलेल्या एका व्हायरसला जगभर "जोशी" म्हणतात. ५ जानेवारीला मशीन सुरू केलं की ते थांबायचं आणि "हॅपी बर्थडे जोशी" असं टाइप करायला सांगायचं. टाइप केलं की पुढे काम चालू.

जोशी कॉन्फिग.सिसमध्ये नव्हता, ऑटोएक्झेक.बॅटमध्येही नव्हता. तो डिस्कच्या अगदी पहिल्या भागात बसायचा. मशीन कुठलीही वही उघडण्याआधी तो भाग वाचतं, त्यामुळे वह्या कितीही तपासल्या तरी हाती काही लागत नसे. पण मेमरीत राहायला त्याला जागा लागे. चेकडिस्क हा हुकूम दिला की एकूण मेमरी ६,५५,३६० बाइट दिसायला हवी, म्हणजे ६४० गुणिले १०२४. जोशी असला की ६,४९,२१६ दिसायची. फरक ६,१४४ बाइट, बरोबर सहा केबी. घरातलं धान्य मोजून चोर कळावा तसं.

असल्या व्हायरसांशी झुंजताना सातारा जिल्ह्यातल्याच रहिमतपूरचे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय पुण्यात उभे राहिले. कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडू लागले, तसे संजयनी त्यांच्यावर उतारे लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील तयार झालं. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या त्यांच्या कंपनीनं २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव घेतलं.

१०. छापखान्यातली संध्याकाळ

मामांच्या मशीनमध्ये रन= रिकामं होतं, शेल= सरळ होतं, मेमरी पूर्ण होती. एमएससीडेक्सच्या ओळीला आम्ही हात लावला नाही. हायमेमची ओळ भाच्यानं स्वतःच्या हातानं रेम लावून झोपवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. काही फरक पडला नाही हे बघून तो हसला. मग डीटीपीचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यानं मागच्या ठोकळ्याकडे एकदा बघून घेतलं. स्मरणिकेची फाइल सापडली. पहिल्या पानावर ग्रामदैवताचं नाव स्वच्छ मराठीत आलं.

स्मरणिका छापून झाल्यावर मी त्या पाचही वह्या छापायला सांगितल्या. सगळ्या मिळून थोडेच कागद झाले. मामांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि आम्ही सांगू तसं एकेका ओळीसमोर लिहीत गेले. "पतसंस्था." "सीडीचा ड्रायव्हर, जोडीची ओळ पान २." "आवाज." "विजेसाठी." लॉकच्या ओळीसमोर त्यांनी लिहिलं, "मराठी. हात लावू नये," आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शेवटी एक ओळ उरली. तिच्यातली फाइल डिस्कवर नव्हती आणि तिचं नाव आमच्यापैकी कुणाला लागलं नाही. भाच्यानं तिच्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं, त्या दिवसाची तारीख घातली आणि कागद मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवला.